सोपवलेले मूल आणि शाळेचे दार



४ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागातल्या एका शाळेतून १४ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा भरदिवसा एकटाच बाहेर पडला. त्याला बोलता येत नव्हते. जानेवारी २०१४ मध्ये ईस्ट नदीच्या काठी त्याचे अवशेष सापडले. मुलाला पळण्याची सवय आहे, असे त्याच्या आईने शाळेला आधीच लेखी कळवले होते.

अशा वेळी एक उत्तर नेहमी ऐकू येते : ‘मूल आपणहून गेले, आम्ही काय करणार?’ हे उत्तर शरीअतच्या कसोटीवर टिकते काय? झोपलेला, अल्पवयीन आणि समज नसलेला या तिघांवरून लेखणी उचलली गेली आहे, असे हदीस सांगते. स्वमग्न मूल निर्बुद्ध असते, असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु ज्याला रहदारीचे किंवा पाण्याचे भय उमगत नाही, त्याच्या माथी दोष मारता येत नाही. मग तो भार सांभाळणाऱ्यांकडेच येतो.

अमानतीविषयी फुकहांनी बारकाईने विचार केला आहे. राखणदाराने हयगय केली नसेल, तर वस्तू गमावल्याची भरपाई त्याच्यावर येत नाही. मात्र ती कशी जपावी हे मालकाने सांगितले असूनही राखणदाराने दुर्लक्ष केले, तर तो उत्तरदायी ठरतो. सोन्या-नाण्यांबाबत एवढी दक्षता, तर पोटच्या मुलाबाबत किती? आईने लिहून दिलेली चिठ्ठी म्हणजे अमानतीची अटच होय. ती वर्गशिक्षकापासून शिपायापर्यंत पोहोचली नाही, तर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ ही सबब कोणाच्या कामी येणार?

येथे दुसरी चूकही संभवते. घाबरलेली शाळा दाराला कुलूप लावते आणि मुलाला खोलीत कोंडते. पण मूल ही पेटीत ठेवायची वस्तू नव्हे. आदमच्या संततीला अल्लाहने प्रतिष्ठा बहाल केली आहे (सूरह बनी इस्राईल : ७०), कोंडून ठेवल्याने मूल जिवंत राहील, पण ती प्रतिष्ठा उरणार नाही. मूल का निघून जाते, हे आधी पाहावे : गोंगाट असह्य होतो, किंवा पाण्याची ओढ लागते. शांत कोपरा, ठरलेला सोबती, दाराची घंटा आणि मूल दिसेनासे होताच पालकांना तत्काळ फोन, हे कोंडण्यापेक्षा अवघड आहे खरे. न्यूयॉर्क शहराने पुढे २०१४ मध्ये शाळांच्या दारांवरील घंटांसाठी त्या मुलाच्या नावे कायदा केला.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यता दिली आणि शाळांवर सर्वसमावेशक शिक्षणाचे बंधन घातले. तरीही ‘हे मूल आमच्याकडे सांभाळले जाणार नाही’ असे सांगून पालकांना परत पाठवणाऱ्या शाळा आहेत, आणि त्यांत आपल्याही आहेत. अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांच्याकडे क्षणभर दुर्लक्ष झाले, तर सूरह अबस अवतरली. आपल्या मक्तबच्या दारातून परत गेलेल्या त्या आईला आपण काय सांगितले होते, ते आठवून पाहा.