माणूस कुणाला हवा होता?

बाहेरगावाहून येऊन वसलेल्या पूर्वजाचा शोध बहुतेक जण नावापासून सुरू करतात. विदर्भातल्या पारशिवनीतल्या एखाद्या घरात पणजोबांचं नाव ठाऊक असतं आणि ते ‘तिकडून कुठूनसे’ आले एवढंही. तेवढ्यावर कचेरी गाठायची आणि हात हलवत परतायचं. मी म्हणेन, नाव थोडं बाजूला ठेवावं. गरीब माणूस आपण होऊन कागदावर येत नाही. कुणाला तरी त्याच्याकडून काही हवं असतं, तेव्हाच तो लिहिला जातो. तेव्हा पहिला प्रश्न हा, की तो कुणाला हवा होता?

उदाहरणार्थ, १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारानं मजूर नेले गेले, त्यांत मराठी माणसंही होती. मळेवाल्यांना मजूर पळून जायला नको होता. म्हणून प्रत्येकाला क्रमांक मिळाला, बापाचं नाव, जात, वय, गाव, जिल्हा लिहिला गेला आणि १८६० च्या दशकापासून छायाचित्रंही निघू लागली. ही दप्तरं आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथल्या मराठी घराला आपल्या पूर्वजाचं गाव सापडू शकतं ते या पहाऱ्यामुळे. हे उपकार मानण्यासारखं नाही, पण उपयोगी आहे.

पारशिवनीत आलेल्याला असा पहारा नव्हता. इथे सरकारला हवा होता सारा. त्यामुळे जमीनबंदोबस्ताच्या मिसलीत, म्हणजे दप्तरात, सारा भरणारा मालगुजार सापडेल, कास्तकार सापडेल; दुसऱ्याच्या वावरात राबणारा सापडेलच असं नाही. पोलीस ठाण्याला मात्र जन्ममृत्यूची गणती हवी होती, आणि ती भूमिहीनाला वगळत नव्हती. गावचा कोतवाल ती खबर द्यायचा. विदर्भातलं ‘कोतवाल बुक’ ते हेच. त्यात मुलाचं नाव पुष्कळदा नसतंच. अमक्याला मुलगा झाला, जात, तारीख, संपलं. म्हणून आजोबांचं नाव शोधणारा फसतो. त्यांच्या वडिलांच्या नावाखाली सगळ्या भावंडांचे जन्म पाहावेत. सर्वांत जुना जन्म सापडला, की कुटुंब गावात निदान केव्हापासून होतं याचा पुरावा हाती येतो. अलीकडे ही बुकं जातीच्या दाखल्यासाठी धुंडाळली जातात. हवी ती ओळ मिळाली की बुक मिटतं, आणि खालची भावंडं तशीच राहतात.

तरीही मूळ गाव उरतंच, कारण ठाण्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. ते होतं तीर्थोपाध्यायाला. त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा यजमान टिकवायचा असे, म्हणून त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयागच्या वह्या कुळ आणि गाव धरून चालतात. घरातून कुणी तिथे गेलं असेल, तर नव्या गावाबरोबर जुनंही लिहिलेलं असू शकतं. दुसरी वाट सोयरिकीची. परक्या गावात नव्यानं आलेला माणूस पोरांची लग्नं बहुधा ओळखीच्या मुलखातच जुळवतो. जुन्या सुना कुठून आल्या, हे कुठल्याच कचेरीला नको होतं. ते घरातल्या म्हाताऱ्या बायांनाच विचारावं लागतं, आणि आधी तेच विचारावं.

कचेरीत जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की पारशिवनी पूर्वी रामटेक तहसिलीत होती. जुने कागद रामटेकच्या नावानं मागा.