विश्रांतीला जाताना

आपल्यावाचून ज्याचं अडतं असं माणूस घरात असताना, केवळ स्वतःच्या विश्रांतीसाठी घराबाहेर जावं का? प्रश्न साधा दिसतो, पण गेले दोन महिने तो माझ्या डोक्यातून जात नाही. तीर्थयात्रेला निघाले असते तर कुणी विचारलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नसतं. गाणगापूरला जाते म्हटलं की शेजारीण दक्षिणा हातावर ठेवते आणि प्रसाद आणायला सांगते. ‘सहा दिवस विसावा घ्यायला जाते’ म्हटल्यावर मात्र तीच शेजारीण विचारते, “मग घरी कोण बघणार?”

आम्ही पेणचे. यांना पक्षाघात होऊन चार वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं पाच-सहा शब्दांवर आलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. दिवसा मदतीला एक बाई येते, रात्र माझी. डॉक्टरांनी यांना तपासता तपासता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आता तुम्हाला झोपेची गरज आहे, नाहीतर मला दोन पेशंट होतील.” मुलाने लगेच चौलच्या अलीकडे, नारळी-पोफळीच्या एका वाडीत भरणाऱ्या निवासी योग-विश्रांती शिबिरात माझं नाव घातलं. दत्तजयंती झाली की पुढच्या आठवड्यात जायचं आहे.

त्या पट्ट्यातल्या वाड्या ज्यांनी आधी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने आपल्या किनाऱ्यावर हजारो माड आणि पोफळी आडव्या केल्या. नवी पोफळ धरती व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. तोवर खायचं काय? कुणी वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, तर कुणी जागा शिबिरांना दिली. मुंबईकर भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने मांडव्याला उतरतो आणि तासाभरात सुपारीच्या सावलीत येऊन पडतो. हे बरं की वाईट, हा वेगळा विषय आहे. पण ज्या सावलीत मी सहा दिवस निजणार आहे, ती कुणाच्या तरी पडझडीतून पुन्हा उभी राहिलेली आहे, एवढं लक्षात ठेवून जावं असं मला वाटतं.

शिबिराकडून तयारीचं पत्रक आलं. सैल सुती कपडे आणा. आठ दिवस आधीपासून चहा-कॉफी कमी करत जा, एकदम सोडली तर डोकं दुखतं. रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर घ्या. रोज थोडा वेळ मौन पाळा. आल्यावर मोबाइल कार्यालयात जमा करा. वाचता वाचता मला हसू आलं, कारण हे सगळं आमच्या घराला नवीन नाही. माझे सासरे मार्गशीर्षात गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसत. सात दिवस सात्त्विक आहार, कमी बोलणं, जमिनीवर सतरंजी, डाव्या कुशीवर झोप. उठले की चेहरा असा उजळलेला असे की आम्ही सुना एकमेकींकडे पाहत राहायचो. पण त्या सात दिवसांत सोवळ्यातला स्वयंपाक, नैवेद्य, आल्यागेल्याचं पाणी, मुलांना आवाज न करू देणं, हे सगळं सासूबाई, जाऊबाई आणि मी करत होतो. सासरे ते जाणून होते. समाप्तीला ते आधी सासूबाईंना नमस्कार करत, मग ब्राह्मणाला दक्षिणा देत. गावात तेव्हा त्याची चर्चा व्हायची. कुणाचंही स्वस्थ बसणं हे दुसऱ्या कुणाच्या तरी उभं राहण्यावर टेकलेलं असतं, हे मी पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात पाहिलं.

मग ते घ्यावं की नको? इथे मला अवधूताचे चोवीस गुरू आठवतात. दत्तभक्तांना ती यादी पाठ असते, पण आपण ती भराभर म्हणून मोकळे होतो. भागवताच्या अकराव्या स्कंधातला तो भाग नाथांनी मराठीत फार सावकाश उलगडला आहे. त्या चोवीसांत चांगले तीन गुरू विश्रांतीबद्दल बोलतात. पहिला अजगर. अंगात बळ असून तो पडून राहतो, समोर येईल ते घेतो. शिबिरवाल्यांना हा गुरू फार आवडेल! पण मला तो लागू पडत नाही. अजगराला कुणाची कूस बदलायची नसते.

दुसरी पिंगला. विदेह नगरीतली ही गणिका मध्यरात्रीपर्यंत दारात उभी राहते, आता येईल कुणी पैसेवाला, आता येईल, म्हणून आत-बाहेर करते. शेवटी तिची आशा सुटते आणि ती शांत झोपते. आपण गोष्ट सांगताना वैराग्यावर थांबतो. मला मात्र अलीकडे तिची झोपच जास्त दिसते. घर तेच, बिछाना तोच, नगरी तीच. बदललं ते एवढंच की कान दाराकडून परत आले. माझे कान चार वर्षं शेजारच्या खाटेकडे आहेत. समुद्रकाठी जाऊनही ते तिकडेच राहिले तर सहा दिवसांचे पैसे वाया. म्हणजे माझी खरी तयारी कपड्यांची नाही. ‘माझ्याशिवाय हे कुणाला जमणारच नाही’ ही जी मी जपून ठेवलेली समजूत आहे, तिचं काय करायचं ते निघण्याआधी ठरवायला हवं. ती समजूत प्रेमातून आलेली आहे, खोटी नाही. पण तिच्यात अभिमानही मिसळलेला असतो, आणि तो प्रेमाइतकाच जागं ठेवतो.

म्हणून मुलगा आठ दिवस आधीच पुण्याहून आला आहे. त्याला औषधांच्या वेळा, पेजेचा दाटपणा, ठसका लागू नये म्हणून उशी किती उंच करायची, हे दाखवलं. परवा रात्र त्याच्याकडे दिली. मी पलीकडच्या खोलीत. दोनचा गजर झाला, तो उठला, यांना काहीतरी पुटपुटला, आणि हे हसले. चार वर्षांत रात्री दोनला हे माझ्याबरोबर कधी हसले नाहीत. मला बरं वाटलं आणि थोडं लागलंही.

तिसरा गुरू म्हणजे ती कुमारी. घरची मोठी माणसं बाहेर गेलेली, तिला मागणी घालायला पाहुणे आलेले, त्यांच्यासाठी ती एकटीच भात कांडते आहे. कांकणं वाजतात. घरात कांडायला दुसरं कुणी नाही हे पाहुण्यांना कळेल म्हणून तिला लाज वाटते. ती एकेक कांकण काढत जाते. दोन उरली तरी वाजतात. शेवटी प्रत्येक हातात एकच उरतं आणि आवाज थांबतो. अवधूत इथून एकांत शिकला. पण ज्या मुलीकडून शिकला ती काही गुहेत बसलेली नव्हती. ती दुसऱ्यांच्या जेवणासाठी राबत होती. आणखी एक गोष्ट आपण सोडून देतो: तिने हात उघडे केले नाहीत. एक राहू दिलं.

मोबाइलच्या अटीवर मी याच गोष्टीचा आधार घेतला. शिबिरात फोन करून सांगितलं, मोबाइल खुशाल ठेवून घ्या, पण कार्यालयाचा एक नंबर घरी राहील आणि मुलाचा फोन आला तर मला लगेच उठवायचं, योगनिद्रा चालू असली तरी. जरा थांबून ते बरं म्हणाले. रोज संध्याकाळी आपणहून फोन करायचा नाही, हे मी कबूल केलं. दोन कांकणं वाजलीच असती.

योगनिद्रेबद्दलही थोडं सांगते, कारण मंडळात काहीजणींना तो नवा प्रकार वाटतो. स्वामी सत्यानंद सरस्वतींनी गेल्या शतकात ती आजच्या रीतीने बसवली, तंत्रातल्या न्यासावरून. शवासनात पडायचं, एक संकल्प मनात धरायचा, आणि सांगणाऱ्याच्या आवाजामागून लक्ष उजव्या हाताच्या अंगठ्यापासून एकेका अवयवावर फिरवायचं. आपला करन्यासही अंगठ्यापासूनच सुरू होतो. शवासन थकवा घालवतं आणि चित्ताला विसावा देतं, असं हठयोगप्रदीपिकेत सांगितलेलं आहे, म्हणजे विसाव्याला आपल्या परंपरेत कधी कमी लेखलेलं नाही. संकल्प काय धरायचा ते मात्र माझं अजून ठरलेलं नाही.

एक गोष्ट राहिली होती. दिवसा येणाऱ्या बाईला चार वर्षांत सलग दोन दिवसांची सुट्टी मिळालेली नाही. सण आला की ती अर्धा दिवस मागते, आपण देतो आणि आपल्याला उदार वाटतं. मी सहा दिवस निजायला जाणार आणि ती त्याच सहा दिवसांत मुलाच्या हाताखाली जास्तीचं राबणार, हा हिशेब मला पटेना. परवा तिला म्हटलं, “मी परत आले की तू सहा दिवस सुट्टी घे, पगार कापणार नाही.”

ती केरसुणी धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, “सहा दिवस घरी बसून करू काय काकू? तिथं पण कामच की.” मग थोड्या वेळाने आतून येऊन म्हणाली, “त्यापेक्षा दत्तजयंतीला सोडा. चौलच्या डोंगरावर यात्रेला जायचंय पोरांना घेऊन. लग्न झाल्यापासून गेलेच नाही. पायऱ्या चढायच्या, दर्शन घ्यायचं, खाली येऊन पोरांना पाळण्यात बसवायचं. रात्री उशीर होईल, दुसऱ्या दिवशी पण नाही येणार.”

तेव्हा पौर्णिमेला ती डोंगरावर आणि मी घरी. मुलाला त्या दिवशी पुण्याला काम आहे. जन्मकाळाचा पाळणा मी यांच्या खाटेपाशीच म्हणेन, सुंठवडाही तिथेच वाटेन. बाकीचे चार दिवस सुट्टीचे तिच्या नावावर लिहून ठेवले आहेत, कॅलेंडरवर, तिला दिसतील असे.