सुटलेला नेम

नेम एकदा सुटला की पूर्वीचे सारे वाया गेले काय? या प्रश्नाचे उत्तर आम्ही कीर्तनात नेहमी कडक देत आलो. कल्याणच्या एका सप्ताहात आम्ही बोलून गेलो, ‘ज्यात खंड पडला तो नेम कसला?’ नोकरी आणि घरचे आजारपण यांच्या ओढाताणीत ज्यांची वारी बारा वर्षे चुकली होती, असे डोंबिवलीचे एक गृहस्थ त्या दिवशी समोरच होते. ते पुन्हा आले नाहीत.

पुढे नातवाबरोबर ठाण्याजवळ एका चांदमारीवर जाण्याचा योग आला. माळकऱ्याने बंदूक का धरावी, असे कोणी म्हणेल. पण वाचक हो, तेथे वेधायचा तो कागद, जीव नव्हे. पाठशाळेतून कॉलेजात गेल्यावर आम्ही एन. सी. सी.त पॉइंट बावीसची रायफल चालवीत असू, हातही बरा होता. मध्ये चाळीस वर्षे गेली. आता पालथे पडून दस्ता खांद्यास लावला, तो माशी धूसर दिसे, आणि आवाजाच्या धास्तीने बोट चापास हिसका देई. पाच गोळ्या कागदभर पांगल्या. आम्ही लागलीच साइट फिरवू लागलो.

शिकविणारे म्हणाले, “थांबा महाराज. एका गोळीवरून काही ठरवू नका, पाचांचा ग्रुप पाहा. ग्रुप एके जागी पण बाजूला पडला, तर साइटचे काम. पांगला, तर तुमच्या श्वासाचे.”

मग अर्धा श्वास सोडून, धरून, चाप हळूहळू दाबला. पुढच्या पाच गोळ्या खाली डावीकडे, पण तळहाताएवढ्या जागेत पडल्या. हात विसरला नव्हता, गंजला होता.

1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले. त्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटरांचे. एवढ्या मोठ्या नेमबाजालाही सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही. पुढची तेवढी हाती असते.

मुंडकोपनिषदात प्रणवास धनुष्य, आत्म्यास बाण आणि ब्रह्मास लक्ष्य म्हटले आहे. वेध घेताना प्रमाद नको, असे तेथे बजावले आहे. पूर्वी किती वेळा चुकलास, हे विचारलेले नाही. याचा अर्थ खंड पडला तरी चालेल, असा नव्हे. चाळीस वर्षांचा गंज त्या पांगलेल्या भोकांत दिसत होताच. पण गंज घासावयाचा असतो; त्यासाठी हत्यार टाकून द्यावयाचे नसते.

असो. आम्ही डोंबिवलीस त्या गृहस्थांच्या घरी गेलो. म्हणालो, “आमचे बोलणे चुकले. आषाढीस दिंडीत या.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माळ अजून गळ्यात आहे, महाराज.”

रामकृष्णहरि.