आपण जिंकलों, ते हरले

मूल बोलूं लागलें म्हणजे घरची मंडळी त्याचे शब्द कौतुकानें मोजूं लागतात; परंतु त्या शब्दांबरोबर तें आपल्यापासून आणखी काय उचलीत आहे, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आमचेंही गेलें नसतें. तें वेधलें एका लहानशा प्रश्नानें, आणि तो प्रश्न क्रिकेटच्या एका सामन्याच्या संध्याकाळीं आमच्या महाडच्या घरीं विचारला गेला.

आमची नात त्या वेळीं अडीच वर्षांची होती. चेंडू कपाटाखालीं गेला कीं ती 'आऊट' म्हणे, दिवा मालवला कीं 'आऊट', आणि वाटींतला मऊ भात संपला तरीही 'आऊट'च. भाषेचे अभ्यासक सांगतात कीं, नुकतें बोलूं लागलेलें मूल एक शब्द असा अनेक ठिकाणीं पसरवितें; उलट 'मी' आणि 'तूं' हे शब्द त्यास उशिरां साधतात, कारण बोलणारा बदलला कीं त्यांचा अर्थही बदलतो. नातही स्वतःस 'बाळ' असेंच म्हणे. तिच्या तोंडीं पहिलें सर्वनाम आलें तें 'मी' नव्हे, 'आपण'. आणि तें तिला क्रिकेटनें दिलें.

२०२३ सालीं विश्वचषकाचे सामने भारतांत झाले. भारतीय संघानें ओळीनें दहा सामने जिंकले, आणि दर खेपेस तिचा बाप तिला खांद्यावर घेऊन "आपण जिंकलों!" असें ओरडत घरभर नाचला. १९ नोव्हेंबर रोजीं अहमदाबादचा अंतिम सामना पाहावयास पोलादपुराहून मामा मुद्दाम आले होते. ऑस्ट्रेलियानें ६ गडी राखून तो जिंकला. मग "ह्यांना दडपण म्हणून सोसत नाहीं," "हरले एकदांचे," असे उद्गार निघूं लागले. पोर सर्वांच्या तोंडांकडे पाहात होती. ती म्हणाली, "आपण हरलों?" कोणीं उत्तर दिलें नाहीं. मामांनीं टीव्ही बंद केला.

इंग्रजींत जेथें एका शब्दानें भागतें तेथें मराठींत दोन आहेत. 'आम्ही' म्हटलें म्हणजे ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलें म्हणजे तोही आंत येतो. बापानें त्या एका शब्दानें लेकीला अकरा वीरांच्या पंक्तीस बसविलें होतें. आम्हीं कोणीं एक धांव काढली नव्हती, एक झेल घेतला नव्हता. तरी दहा वेळां आम्ही त्या पंक्तीस जेवलों, आणि पान वाढावयाचें सोडून उष्टीं काढण्याची पाळी आली तेव्हां हळूच उठलों. पोरीस मात्र उठावयाचें असतें हें ठाऊक नव्हतें.

यावर एखादा तर्कनिष्ठ वाचक म्हणेल कीं, मग मुलांस दोन्ही वेळां 'ते' म्हणावयास शिकवा. खरें तेंच आहे. आमचें मन या उत्तरानें भरत नाहीं. २०२१ च्या जुलैंत सावित्रीचें पाणी महाडांत शिरलें, तळियें गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं, पोलादपूर तालुक्यांतही दरडींनीं बळी घेतले. त्या वेळीं ज्यांच्या उंबऱ्यास पाणी लागलें नव्हतें असे कित्येकजण "आपलें गांव बुडालें" म्हणत फावडीं घेऊन चिखल उपसावयास गेले. पूर त्यांच्या घरीं आला नव्हता. म्हणून त्यांचें 'आपलें' खोटें होतें काय? 'आपण' हा शब्द पराक्रमाचा दाखला नव्हे. तो भार उचलण्याची कबुली आहे. कबुली पाळली तर तो खरा, न पाळली तर खोटा.

आणि हा शब्द पाळला न गेल्याचें दुःख आमच्या गांवाइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? पालवणकर बाळू हे अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मलेले मोठे गोलंदाज. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरावर बळी घेतले. त्यापूर्वीं पुण्यास ते हिंदु संघाकडून खेळत, तेव्हां त्यांनीं मिळविलेला जय सर्वांचा असे. परंतु चहा त्यांस बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत मिळे. खेळपट्टीवर 'आपण', आणि चहाच्या वेळीं 'ते'! महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला होता. कागदावर 'आपण' लिहून झालें होतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां मात्र त्यांस मार बसला, आणि गोमूत्रानें व शेणानें तळें 'शुद्ध' करण्यांत आलें. क्रिकेटमधील आमची लबाडी त्या पातकाशेजारीं ठेवणें शोभणार नाहीं. तिचें वजन कितीतरी कमी आहे. परंतु संवय तीच आहे: लाभ असेल तोंवर 'आपण', किंमत मोजावी लागली कीं 'ते'.

खेळांतील हार ही फार स्वस्त हार असते. तींत घर वाहून जात नाहीं, माणूस दगावत नाहीं. म्हणूनच "आपण हरलों" असें म्हणावयास शिकण्यास तिच्याइतकी सोयीची शाळा दुसरी नाहीं. तेवढें जिभेस जड जात असेल, तर खरा पूर आल्यावर ती वळेल याचा भरंवसा कोणीं द्यावा?

३ नोव्हेंबर २०२४ रोजीं वानखेडे मैदानावर न्यूझीलंडनें तिसराही कसोटी सामना जिंकला आणि भारत आपल्या घरीं तीन शून्यानें हरला. नात आतां साडेतीन वर्षांची झाली होती. 'मी', 'तूं', 'आम्ही' सर्व तिला साधलें होतें. झोपाळ्यावरून तिनें विचारलें, "ते हरले का?" घरांत सर्वांस हंसूं आलें, पोर किती स्वच्छ बोलूं लागली म्हणून बापानें तिचा मुका घेतला. व्याकरणांत चूक नव्हतीच. आम्ही मात्र हंसलों नाहीं. तें वाक्य तिला कोणीं शिकविलें, हें आम्हांस ठाऊक होतें.