वेखंडाचे अहवाल परत घेऊन जा

खाली बसा आणि आपापले अहवाल उघडा. शेवटचं पान काढा. विषय होता वेखंडातल्या घटकद्रव्यांची औषधी क्षमता, आणि बहुतेक सगळ्यांनी शेवट एकाच वाक्याने केलाय: 'नैसर्गिक असल्यामुळे कोणतेही दुष्परिणाम नाहीत.' हे वाक्य तुमच्यापैकी कुणी तपासलं? कुणीही नाही. एकाने कुठून तरी उचललं आणि बाकीच्यांनी डोळे झाकून उतरवलं. बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला बसलेल्यांना हे शोभतं का?

उद्या तुम्ही औषधाच्या दुकानात उभे राहाल. कुणी आई येऊन विचारेल, 'बाळाच्या घुटीत वेखंडाचे किती वेढे उगाळू?' तेव्हा तिला हेच वाक्य ऐकवणार? चुकीच्या उत्तराने तुमचे गुण जाणार नाहीत, ते उत्तर तिच्या बाळाच्या पोटात जाईल.

आधी एक सांगा, वेखंडाचा तुकडा हातात तरी घेतला होतात का? चौघांनी त्याला 'मूळ' म्हटलंय. ते मूळ नव्हे, जमिनीखालचं खोड आहे. वरच्या बाजूला पानांच्या त्रिकोणी खुणा दिसतात, खालच्या बाजूला गळून गेलेल्या मुळांचे गोल वण नागमोडी ओळीत असतात. मोडलं की आत फिकट, भुसभुशीत दिसतं आणि वास नाकात शिरतो. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की हवेच्या पोकळ्या दिसतात, अधूनमधून तेलाच्या पेशी दिसतात. तुमचा सगळा विषय त्या पेशींमध्ये आहे आणि एकाच्याही अहवालात त्यांची आकृती नाही.

त्या तेलातलं मुख्य द्रव्य बीटा-असारोन. ते किती असतं, हे वेखंडाच्या वाणावर ठरतं. गुणसूत्रांचे दोनच संच असलेल्या अमेरिकेतल्या वाणात ते जवळजवळ नसतंच. युरोपातल्या तीन संचांच्या वाणात थोडं असतं. आशियातल्या चार संचांच्या वाणात तेलाचा बहुतेक भाग तेच असतं. मग युरोपातल्या वेखंडावरचे निष्कर्ष आपल्या बाजारातल्या वेखंडाला लावून मोकळे कसे झालात? कोणता वाण, कुठून आणला, तेलात बीटा-असारोन किती, हे तीन रकाने कोरे ठेवून 'औषधी क्षमता' लिहायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आता तुमचं ते 'कोणतेही दुष्परिणाम नाहीत'. १९६७ साली जम्मूच्या वेखंडाच्या तेलावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते तेल दीर्घकाळ खाद्यातून दिलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात कर्करोगाच्या गाठी आढळल्या. १९६८ मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड आणि त्याचं तेल वापरायला बंदी घातली. युरोपीय संघाने तर चार संचांच्या वाणापासून खाद्यस्वाद करायलाच मनाई केली आहे. कारणही कळलेलं आहे: यकृतात बीटा-असारोनपासून इपॉक्साइड तयार होतं आणि ते डीएनएला इजा करू शकतं. उंदरांना दिलेली मात्रा आणि घुटीतला वेढा एकच आहे, असं मी म्हणत नाही. पण उंदरांवरचा तो अभ्यास छापून पन्नासहून जास्त वर्षं झाली आणि तुमच्या अहवालात त्याचा उल्लेखसुद्धा नाही, याला निष्काळजीपणा म्हणतात.

'पण सर, आयुर्वेदात आहे' हे मला ऐकवू नका. आयुर्वेदाचं नाव घेता, तर तो नीट वाचा. चरकसंहितेत वचा, म्हणजे आपलं वेखंड, लेखनीय (खरवडून कमी करणाऱ्या) आणि संज्ञास्थापन (शुद्धीवर आणणाऱ्या) गणांत आहे. म्हणजे ती नेमक्या कामासाठी सांगितली आहे, सरसकट सगळ्यांसाठी नाही. आयुर्वेदात वापरण्याआधी तिचं शोधन, म्हणजे शुद्धीकरण, करायला सांगितलं आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात चूर्णाची मात्रा ६० ते १२० मिलिग्राम आहे, आणि १ ते २ ग्रॅम दिलं तर ते वमनासाठी, म्हणजे उलटी करवण्यासाठी. परंपरेने मात्रा मोजली, शोधन केलं. तुम्ही दोन्ही गाळलंत आणि वर परंपरेचीच साक्ष काढलीत.

मला या वनस्पतीचा राग नाही. राग आहे तो तुमच्या मोघमपणाचा. धान्यात, कपड्यांच्या पेटीत वेखंडाचे तुकडे टाकायची आपल्याकडे जुनी रीत आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी त्याच वेखंडातून कीटकांना वंध्य करणारं द्रव्य वेगळं काढलं आणि १९७७ मध्ये ते 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. वेखंड कीड रोखतं, एवढ्यावर ते थांबले नाहीत. द्रव्य कोणतं आणि ते किडीच्या शरीरात नेमकं काय करतं, हे त्यांनी दाखवलं. काम असं करतात.

मेंदूवरही काम चालू आहे. बीटा-असारोन रक्तातून मेंदूत पोहोचतं आणि उंदरांमध्ये चेतापेशींना वाचवतं, असे प्रयोग झालेत. ते वाचून तुमच्यातल्या एकाने 'अल्झायमरवर रामबाण' असं मथळ्यात ठोकून दिलं. उंदरावरचा प्रयोग ही सुरुवात असते. जे द्रव्य चेतापेशी वाचवू शकतं, तेच डीएनएला इजा करू शकत असेल, तर औषध करणाऱ्याचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं: गुण ठेवून घात कसा काढायचा, सुरक्षित मात्रा किती, शोधनाने बीटा-असारोन किती उतरतं. यातला एकही प्रश्न तुम्हाला पडला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. तुमच्यात कुवत नाही असं नाही, तुम्ही ती वापरत नाही.

हे अहवाल मी स्वीकारणार नाही. बाजारातून वेखंड आणा, ओळख पटवा, काप काढून आकृती स्वतः काढा. तेल काढून टीएलसीची, म्हणजे पातळ थरावर घटक वेगळे करणारी, पट्टी चालवा आणि अहवालाला जोडा. प्रत्येक गुणापुढे लिहा: पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, आणि किती मात्रेत. जे तपासलं नाही, तिथे 'तपासलं नाही' असं स्वच्छ लिहा, त्याचे गुण मी कापणार नाही. आणि त्या आईने विचारलं तर सांगा: वेखंड औषध आहे, म्हणूनच वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाळाला चाटवू नका.