आईबापांचा देश आणि मुलांचे गाव

परमुलखात संसार थाटलेल्या मनुष्याचे मन दोन ठिकाणी वावरत असते, ही गोष्ट नित्याच्या अनुभवाची असल्यामुळे तिजविषयी कोणी वाद घालीत नाही. परंतु त्याच मनुष्याच्या मुलाचे मन एकाच ठिकाणी असते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. मूल जेथे प्रथम धावले आणि पडले, जेथील मातीने त्याचे गुडघे मळले, तेच त्याचे गाव. त्याला दुसरे गाव नसते. सुटीच्या दिवशी आईबाप मुलांस घेऊन बाहेर पडले म्हणजे हा भेद विशेष स्पष्ट होतो. एकाच तळ्याच्या काठी बसलेल्या दोन पिढ्या दोन निरनिराळी तळी पाहत असतात. बाप मनाशी तुलना करीत असतो. मूल ती करीत नाही, कारण त्याजपाशी तुलनेस दुसरे तळेच नसते. तेव्हा प्रश्न असा उत्पन्न होतो की, मुलाने कधी न पाहिलेल्या देशाची ओढ त्यास लावण्याचा आईबापांस कितपत अधिकार आहे?

आज सुशिक्षित घरांतून हा प्रश्न वरचेवर निघतो, कारण मुलगा किंवा मुलगी परदेशी नाही असे घर नागपुराकडेही आता शोधावे लागते. नातवंडे मराठी बोलत नाहीत म्हणून आजीआजोबा खंत करितात. परंतु स्वतःच्या दुःखाविषयी विचार करू लागले की मनुष्य लवकरच रडू लागतो आणि विचार बाजूस राहतो. यास्तव जेथे आपण पाहुणे नसून यजमान आहो, असे एक उदाहरण आम्ही घेतो.

जुन्या भंडारा जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव म्हणून एक गाव आहे. १९९९ च्या १ मे रोजी गोंदिया जिल्हा निराळा झाला, तेव्हापासून हा भाग तिकडे गेला. गाढवी नदीवरील इटियाडोह धरण येथून जवळच आहे. १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामा ल्हासा सोडून हिंदुस्थानात आले व त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी लोक आले. त्यांपैकी काही कुटुंबांची वसाहत १९७२ साली गोठणगावाजवळ झाली. नॉर्ग्येलिंग हे तिचे नाव. बर्फाच्या उंच पठारावरील, सातूच्या पिठावर वाढलेली ही माणसे धानाच्या आणि मोहाच्या मुलखात, जेथे मे महिन्यात अंगाची लाही होते, तेथे येऊन राहिली. इतका विसदृश देश त्यांच्या वाट्यास यावा यापरते दैवाचे कौतुक ते कोणते!

त्याच तालुक्यात अरुणनगरासारखी पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्या लोकांची गावे आहेत. त्यांचेही घर सुटले, परंतु तळे, भात आणि मासळी ही तीन ओळखीची माणसे त्यांस येथे भेटली. तिबेटी आजीस ओळखीचे असे काहीच भेटले नाही. तिच्या नातवास मात्र सर्वच ओळखीचे. हिवाळा लागला म्हणजे पुष्कळ तिबेटी कुटुंबे लोकरीच्या कपड्यांची गाठोडी घेऊन शहरोशहरी जातात. नागपुरातील त्यांचा स्वेटरांचा बाजार कोणी पाहिला नाही? अशा वेळी धाकटी मुले कित्येकदा आजीआजोबांपाशीच राहतात. म्हणजे ज्या हातांस नवा देश सर्वांत परका, त्याच हातांस धरून मूल तो देश पाहत फिरते.

आता ह्या मुलाचे सण पाहा. गोठणगावाजवळ प्रतापगड आहे. तेथे शंकराचे स्थान आहे व दर्गाही आहे, आणि महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, हे अमावास्येच्या पाठोपाठ येते. त्यामुळे पुष्कळ वर्षी शिवरात्रीनंतर दोन-तीन दिवसांतच लोसार असते. एकाच आठवड्यात यात्रेतील पाळणा आणि घरचे नवे कपडे असा दुहेरी लाभ ज्या मुलास होतो, त्याच्या दृष्टीने ह्या दोन सणांचे दोन देश नाहीत. ते एकाच फाल्गुनाच्या तोंडचे दोन दिवस आहेत. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटके चालतात. तेथेही हीच स्थिती.

कोणी म्हणेल, मग चिंता कशाची? काळ हे काम आपोआप करितो. भंडाऱ्याचा इतिहास ह्या म्हणण्यास पुष्टीच देतो. ज्या कोहळी लोकांनी ह्या जिल्ह्यास तलावांचा जिल्हा केले, त्यांची परंपरा सांगते की ते काशीकडून आले. पोवार माळव्यातून आले असे सांगतात. त्यांची पोवारी बोली आजही घराघरांतून ऐकू येते. नवेगावचा बांध ज्याने बांधला म्हणून सांगतात, त्या कोलू पाटील कोहळ्याचा लोकांनी कोलासुर देव केला व त्याचे ठाणे तळ्याच्या काठीच आहे. उपऱ्याचा वंशज त्याच भूमीचा देव व्हावा, याहून अधिक रुजणे ते काय असू शकेल? काशी सुटल्याचे दुःख कोणत्याही कोहळ्याच्या मुलास होत असेलसे आम्हांस वाटत नाही.

परंतु हा दृष्टान्त जितका गोड तितकाच फसवा आहे. कोहळी काशी विसरला तरी काशीचे काही अडले नाही. बंगाली मुलगा मराठी शाळेत शिकून मराठी झाला तरी बंगाली भाषा कोट्यवधी मुखांत राहते. तिबेटी मुलाची गोष्ट तशी नाही. ज्या लोकांचा देश त्यांच्या हाती उरला नाही, त्यांचा देश बहुतांशी स्मृतीतच राहतो, आणि स्मृतीला मुलांखेरीज दुसरे वारस नसतात. तेव्हा सर्व आईबापांस एकाच काट्याने तोलणे अन्यायाचे होईल. १९५९ नंतर परतीची वाट बंद झालेल्या आईने आपल्या मुलाकडे जे मागावे, ते कॅलिफोर्नियात नोकरीसाठी स्वेच्छेने गेलेल्या मराठी बापास मागता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक लोक होते. त्या बापाचा मुलगा मराठी शिकला नाही तर भाषेची हानी होणार नाही, हानी झालीच तर आजीची होईल. ती लहान आहे असे आमचे म्हणणे नाही; फक्त तिला राष्ट्राची हानी म्हणू नये. उत्तर अमेरिकेत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, तिकडे मराठी शाळाही चालतात, हे सर्व चांगलेच आहे. परंतु रविवारी मैदानावर खेळावयास निघालेल्या मुलास ओढून वर्गात बसविताना 'तुझे कर्तव्य' हा शब्द जपून वापरावा.

ह्या मागण्याचे वजन किती असते, हे नागरिकत्वाच्या प्रश्नात दिसून येते. १९५० च्या २६ जानेवारीपासून १९८७ च्या १ जुलैपूर्वी हिंदुस्थानात जन्मलेला मनुष्य कायद्याने जन्मतःच येथील नागरिक होय. तिबेटी आईबापांच्या पोटी येथे जन्मलेल्या एका स्त्रीच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली हेच तत्त्व मान्य केले, आणि २०१४ साली निवडणूक आयोगाने अशांची नावे मतदारयादीत घेण्याविषयी सूचना दिल्या. म्हणजे १९७५ साली गोठणगावच्या वसाहतीत जन्मलेल्या मनुष्यास हा हक्क मागावयासही नको होता. तो त्याचाच होता. तरीही सर्वांनी तो घेतला नाही. निर्वासिताचा दाखला टाकून दिला तर देशावरचा दावाच टाकून दिल्यासारखे होईल, अशी भीती पुष्कळांस वाटली. ज्याने स्वतःपुरता असा निश्चय केला, त्याजपुढे आम्ही मस्तक नमवितो. परंतु मुलाच्या वतीने केलेला निश्चय हा निराळाच पदार्थ आहे. नवस बोलणारा एक आणि फेडणारा दुसरा, हा प्रकार आपल्याकडे देवाच्या बाबतीतही जुनाच आहे, आणि तो आम्हांस कधीच रुचला नाही.

मग द्यावे काय आणि मागावे काय? आमच्या समाजात निम्म्या माणसांनी देशान्तराचा अनुभव घरबसल्या घेतलेला आहे. सासरी आलेली स्त्री नव्या देशातच येत नाही काय? तिचे माहेर तिजपुरते माहेर राहते. तिच्या मुलांस ते आजोळ होते. आजोळी मूल सुटीस जाते, आंबे खाते, विहिरीवर पोहावयास शिकते, आणि परत येते. आजोळासाठी झुरण्याची सक्ती त्याजवर कोणी करीत नाही; म्हणूनच बहुधा ते जन्मभर आजोळाची आठवण काढीत राहते. सुटलेला देश मुलास आजोळ म्हणून द्यावा, असे आम्हांस वाटते. ज्या आजोळाची वाटच बंद आहे, तेथे मात्र आमची उपमा लंगडी पडते, हे कबूल केले पाहिजे. तेथे आईजवळ केवळ शब्द उरतात. ते तिने अवश्य द्यावे. परंतु तेथील थंडी, उपास आणि अन्यायही सांगावा, केवळ सोन्याचा मुलामा देऊ नये. खोट्या स्वर्गाची ओढ लागलेल्या मुलास खरी जमीन कोठलीच पुरत नाही.

एक गोष्ट मात्र निःसंशय वाईट म्हणून सांगता येते. ती म्हणजे मुलादेखत नव्या जागेची हेटाळणी करणे. धरणाच्या काठी मूल खडे फेकून आनंदाने ओरडत असता 'हे काय पाणी! पाणी आमच्या देशात पाहावे' असे जो बाप म्हणतो, तो आपल्या देशाची थोरवी वाढवीत नाही. मुलाजवळ जे एकच तळे आहे ते काढून घेतो व त्याच्या मोबदल्यात काहीच देत नाही. परदेशातील मराठी घरांत हा दोष आम्ही पाहिला आहे; तेथील बागा, शेजारी, मुलांचे खेळ, सर्वांस नाव ठेवून झाल्यावर मूल आपल्यापाशी बसत नाही म्हणून आश्चर्य करितात.

यजमानाच्या अंगीही दोष आहेतच. गोठणगावात जन्मलेल्या, मंडईत वाढलेल्या तरुणास 'तुम्ही मूळचे कुठले?' असे आपण किती सहज विचारतो! कोलासुरास हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

अलीकडे हिंदुस्थानातील तिबेटी वसाहतींतून पुष्कळ तरुण युरोपात व अमेरिकेत जाऊ लागले आहेत. तेथे त्यांस मुले होतील, आणि एखादी आई हिवाळ्याच्या सुटीत आपल्या मुलास बर्फावर खेळावयास नेईल. मूल बर्फात लोळेल. आजीस ते दृश्य पाहावयास मिळाले तर तिला काय वाटेल कोण जाणे, कारण तो बर्फ तिचाच, आणि तिचा नव्हेही. आई मात्र काठावर उभी राहून इटियाडोहचे पाणी, चैत्रातला मोहाचा वास आणि प्रतापगडच्या यात्रेतील पाळणा आठवीत असेल, आणि 'आमच्या देशात' म्हणून जे काही सांगू लागेल, ते सगळे भंडाऱ्याकडचे असेल.