अकरा महिन्यांचा विश्वास

माणसावर विश्वास ठेवावा की नाही, यावर थोरामोठ्यांनी ग्रंथ लिहिले आहेत. आमच्या जालन्यात त्याचं उत्तर स्टॅम्पपेपरवर मिळतं : ठेवावा, पण अकरा महिने. याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून लोकांनी वर्षाचं शेपूट छाटलं. खरं म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हाच ही छाटाछाट फुकट गेली. आता खोली अकरा महिन्यांसाठी द्या की सहा, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि जबाबदारी घरमालकाची. पण सवय ती सवय!

कराराचं नावही मोठं झोकदार : लिव्ह अँड लायसन्स. लायसन्स म्हटलं की आपल्याला बंदूक नाहीतर मोटार आठवते. १८८२ च्या ईझमेंट कायद्यात त्याचा अर्थ असा, की दुसऱ्याच्या जागेत जे करणं एरवी बेकायदा ठरलं असतं, ते करण्याची परवानगी. म्हणजे नव्या जालन्यात कुणाच्या बाहेरच्या खोलीत राहणारा बियाण्याच्या कंपनीतला पोरगा रात्री नुसता झोपत नाही, परवानगीने झोपतो. ताबा मालकाचा, झोप त्याची. आमचे कीर्तनकार देहाला भाड्याचं घर म्हणतात. त्यांना कायदा नीट ठाऊक नसावा. भाडेकरूला काही हक्क असतात, त्याला सहजासहजी हलवता येत नाही. देहात आपण आहोत ते लायसन्सवर, आणि मुदतीचा रकाना कोरा!

मालकाची भीती अगदीच खोटी नाही, बरं का. १९७३ साली मुंबईच्या भाडेकायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या १ फेब्रुवारीला निदान एका खोलीचं लायसन्स ज्याचं चालू होतं, तो कायद्याने भाडेकरू ठरला. रात्री परवानगीने झोपलेला माणूस सकाळी हक्काने उठला! तेव्हापासून घरमालक नावाचा प्राणी दचकून जागा होतो तो आजतागायत. बरं, नुसत्या तोंडी व्यवहारावर राहावं, तर नवा कायदा म्हणतो की नोंदवलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शब्दाला इतका मान हरिश्चंद्राच्या वाट्यालाही आला नाही.

तेव्हा कागदाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते कागदावर नसलेल्या कलमाशी. भिंतीला खिळा ठोकू नये, पोटभाडेकरू ठेवू नये, हे सगळं नंतर. त्याआधी दारातच एक प्रश्न येतो : "आडनाव काय म्हणालात?" उत्तर पसंत पडलं तर खोली आहे, चहाही आहे. नाही पडलं तर, "अहो, कालच दिली हो, मेव्हण्याच्या मुलाला!" तो मेव्हण्याचा मुलगा काही राहायला येत नाही आणि 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी महिनाभर तशीच लटकत राहते. 'जालना, सोने का पालना' असं आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. पाळण्यात कुणाला घ्यायचं, ते असं दारात ठरतं.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एकत्र घरात नळ एक, जिना एक, मागचं दार एक. भिंतीपलीकडे कोण खोकणार हे आपण ठरवावं, असं एकट्या राहणाऱ्या म्हातारीला वाटलं, तर मी तिला नावं ठेवणार नाही. रात्री अकराला टीव्ही कोकलत ठेवणारा नको, हे शंभर टक्के मान्य. पण टीव्ही कोकलणार की नाही हे आडनावावरून कसं कळतं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. भाडं बुडवणाऱ्यांमध्ये तर सगळ्या आडनावांचा सलोखा असतो.

ओळखीच्या एका घरमालकांना मी परवा सुचवलं, "नाना, ती आडनावाची अटही घाला की करारात. खिळ्याच्या कलमाखाली जागा आहे."

नाना दचकलेच. "छे हो! नोंदवलेला कागद असतो तो. कुणी वाचला म्हणजे?"